मधल्या सीटवरचा माणूस

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या वाटेवर चॉपर पडलं की दोन-तीन दिवस बातम्या चालतात आणि सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: चूक वैमानिकाची की यंत्राची? प्रश्न गैर नाही. पण त्याचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि आलं तरी पनवेल, उरण, कळंबोली, उलव्यातून अंधारात गाडी पकडून, वाशीचा खाडीपूल ओलांडून जुहूला क्रू चेंजसाठी, म्हणजे समुद्रातल्या कामगारांच्या पाळीबदलासाठी, जाणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून फारसं लागत नाही. त्याचा प्रश्न साधा आहे. चॉपर पाण्यात गेलंच, तर मी बाहेर येईन का? हे बऱ्याच अंशी उड्डाणाच्या दिवशी ठरतच नाही. चॉपर भाड्याने घेताना काढलेल्या निविदेच्या अटींत ते कधीच ठरून गेलेलं असतं. भांडायचं असेल तर त्या अटींवर भांडायला हवं, असं आमचं म्हणणं आहे.

आपल्या समुद्राचा हिशेब आधी मांडू. ११ ऑगस्ट २००३ रोजी एमआय-१७२ कोसळलं, २७ जण गेले. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्रीच्या लँडिंगचा सराव करणारं डॉफिन पडलं, दोन्ही वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं दुसरं एक डॉफिन ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांना घेऊन समुद्रात गेलं. सातांपैकी एकही वाचला नाही. आणि २८ जून २०२२ रोजी सिकोर्स्की एस-७६डी जातीचं हेलिकॉप्टर सागर किरण रिगच्या जवळ पाण्यात गेलं. वेळ दिवसाची. हेलिकॉप्टरला आपत्कालीन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या, होते. रिगची बोट निघाली, जवळचं पुरवठा जहाज धावलं. पाच जण वाचले, चार गेले.

या चारांत शेवटच्या अपघाताचा अभ्यास सर्वांत जास्त व्हायला हवा होता. बाकीच्या ठिकाणी ‘काही करता येण्यासारखं उरलंच नव्हतं’ असं कोणी म्हणू शकेल. इथे मदत नजरेच्या टप्प्यात होती. तरीही नऊपैकी चार जण जातात, म्हणजे हेलिकॉप्टर तरंगणं आणि माणूस वाचणं या दोन गोष्टींमध्ये बरंच काही घडत असतं. आपल्याकडे बोललं जात नाही ते नेमकं त्याविषयी.

‘एवढा धोका आहे तर माणसं बोटीने न्या’ हा सल्ला प्रत्येक अपघातानंतर येतो. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आहे. बोटीने काही तास लागतात, तेही एक वेळ चालेल. अडचण शेवटच्या पन्नास फुटांत आहे. उसळत्या बोटीवरून माणसाला बास्केटमध्ये घालून क्रेनने वर घेणं हे पावसाळ्यात किती महागात पडू शकतं, ते २७ जुलै २००५ ने दाखवून दिलं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या आचाऱ्याची बोटांची टोकं कापली गेली होती. आदल्या दिवशीच्या महापुरामुळे मुंबईतून हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती. म्हणून जखमीला क्रेनने वर देण्यासाठी जहाज बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला चिकटलं आणि राइझरवर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या गॅसच्या पाइपवर, आदळलं. गॅस पेटला, प्लॅटफॉर्म जळून गेला, २२ माणसं गेली. बोटीची वाहतूक म्हणजे धोकामुक्त वाहतूक नव्हे. चॉपर राहणार आहे, हे धरूनच पुढे बोलायला हवं.

आता पाण्यात गेलेल्या हेलिकॉप्टरकडे जवळून पाहू. इंजिनं, मुख्य गिअरबॉक्स, रोटर हा सगळा जड संसार छपरावर असतो. फ्लोट मात्र खाली, पोटाशी. शांत पाण्यात हा तोल टिकतो. लाट आडवी आली, एखादा फ्लोट फाटला, किंवा मुळात आदळणंच तिरपं झालं, की हेलिकॉप्टर उलटं होतं. उलटं झालं म्हणजे लगेच तळाला जातं असं नाही. पुष्कळदा ते फ्लोटच्या आधाराने पृष्ठभागालगतच राहतं. चाकं आभाळाकडे, केबिन पूर्ण पाण्याखाली. आतला माणूस पट्ट्यात उलटा लटकलेला असतो. नाकात पाणी शिरलेलं, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि वर कुठे, खाली कुठे हे शरीराला कळेनासं होतं.

या क्षणासाठीच ह्यूएटचं प्रशिक्षण असतं. तलावात केबिनचा सांगाडा बुडवून, उलटा करून, त्यातून बाहेर पडायचा सराव. क्रम ठरलेला असतो आणि त्यातल्या प्रत्येक पायरीमागे कोणी तरी मेलेलं असतं. आदळण्याआधी आवळून बसायचं. एक हात खिडकीच्या कडेवर किंवा तिच्याजवळच्या पक्क्या वस्तूवर, दुसरा बकलवर. पाणी छातीपर्यंत येईतो पूर्ण श्वास भरून घ्यायचा. हेलिकॉप्टर गिरकी घेत असताना काहीही करायचं नाही. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकीच्या रबरी पट्टीचा टॅब असेल तर ओढायचा आणि काचेच्या मधोमध नव्हे, कोपऱ्यावर जोर द्यायचा, कारण मध्ये ढकललं की काच नुसती वाकते, चौकटीतून सुटत नाही. काच गेली की हात बाहेर काढून चौकट धरायची. पट्टा सोडायचा तो यानंतर.

इथेच बहुतेक जण घोटाळा करतात. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पट्टा सोडतो. पट्टा सुटला की तो तरंगून ‘वर’ जातो, म्हणजे उलट्या केबिनच्या जमिनीला लागतो, आणि खिडकी कुठे होती हे हरवून बसतो. पट्ट्यात बसलेल्या माणसाची उजवी बाजू केबिन उलटली तरी उजवीच राहते. एवढी एकच दिशा त्याच्यापाशी शिल्लक असते, ती त्याने स्वतःच्या हाताने घालवायची नाही. दुसरी चूक लाइफ जॅकेट आतच फुगवण्याची. फुगलेलं जॅकेट माणसाला पाण्याखालच्या केबिनमध्ये वरच्या बाजूला दाबून ठेवतं. खिडकीपर्यंत खाली बुडी मारणं मग जवळपास अशक्य होतं.

हे सगळं खिडकीशेजारच्या माणसाचं झालं. आता मधल्या सीटवरच्याचं बघा. मध्यम आकाराच्या ऑफशोअर हेलिकॉप्टरमध्ये सर्रास चार-चार जणांच्या ओळी असतात. दोघांना खिडकी, दोघांना नाही. मधल्याला कुठल्याच खिडकीवर हात ठेवता येत नाही. शेजारी बाहेर पडेपर्यंत त्याने श्वास धरून थांबायचं, मग पट्टा सोडून, आधार नसलेल्या पाण्यात, आडवं सरकत ती खिडकी शोधायची. शेजारी बेशुद्ध पडला असेल, खिडकीत अडकला असेल किंवा नुसताच गोठून गेला असेल, तर मधल्यासाठी ती वाट बंद.

युरोपातल्या उत्तर समुद्रावरचा तेलउद्योग हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकला. १४ मार्च १९९२ च्या रात्री कॉर्मोरंट आल्फा प्लॅटफॉर्मवरून शेजारच्याच निवासी जहाजाकडे निघालेलं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर वादळात पाण्यात गेलं. सतरापैकी अकरा जण गेले. त्यानंतर २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंडमधल्या सम्बरो विमानतळावर उतरताना एका सुपर प्यूमाचा वेग वैमानिकांच्या लक्षात न येता घसरत गेला. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटलं. अठरापैकी चार प्रवासी गेले. चौकशीत एक गोष्ट पुढे आली, ती वाचून सुन्न व्हायला होतं. प्रवाशांच्या जॅकेटला श्वास घेण्यासाठी जी पिशवी होती, तिच्यात स्वतःची थोडी हवा आधीपासून भरलेली असते. म्हणजे पाण्याखाली गेल्यावर फुंकायला छातीत हवा उरली नसेल तरीही ती उपयोगी पडते. उड्डाणाआधी दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओत ही माहितीच नव्हती. साधन अंगावर होतं, पण ते काय करतं हे सांगायचं राहून गेलं होतं.

ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियामकाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अहवाल काढला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत नियम बदलले. प्रवासी बसवायचा तर ढकलून उघडणाऱ्या खिडकीलगतच. मधली सीट भरायची असेल तर प्रत्येकाकडे दाबलेल्या हवेची छोटी कुपी हवी, पाण्याखाली गेल्यावरही तोंडाला लावता येईल अशी. लाटा सहा मीटरच्या वर गेल्या की उड्डाण नाही. आणि खांद्यांची रुंदी ५५.९ सेंटिमीटरहून जास्त असलेल्या माणसाला मोठ्या खिडकीशेजारीच जागा. हा शेवटचा नियम ऐकून हसू येतं, पण तो प्रत्यक्ष मोजून लावला जातो. माणूस खिडकीतून मावतो का, हा प्रश्न पाण्यात पडल्यावर सोडवायचा नसतो.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते आणि तिचं उत्तर द्यायलाच हवं. बारा सीटच्या हेलिकॉप्टरमध्ये फक्त खिडकीवाले सहा जण बसवले, तर तेवढ्याच माणसांसाठी फेऱ्या दुप्पट होतात. हेलिकॉप्टरचा धोका मुख्यतः उड्डाण, उतरणं आणि हवामान यांच्याशी बांधलेला आहे. फेऱ्या वाढल्या की तो वाढतो, शिवाय वैमानिक दमतात आणि देखभालीचे तास कमी पडतात. हरकत खरी आहे. म्हणूनच रिकामी मधली सीट हा कायमचा उपाय आम्ही मानत नाही. तो हवेची कुपी येईपर्यंतचा दबाव आहे. ब्रिटनमध्येही तसंच झालं: सीट रिकाम्या ठेवाव्या लागतील म्हटल्यावर तेल कंपन्यांनी कुप्या झटपट आणल्या आणि मधल्या सीट पुन्हा भरल्या गेल्या. आपल्याकडे हा दबावच नाही, म्हणून कुपीचा विषय वर्षानुवर्षं ‘विचाराधीन’ राहू शकतो.

दुसरी हरकत पाण्याच्या तापमानाची. तिकडचं पाणी बर्फासारखं, तिथे थंडीच्या धक्क्याने माणसाचा श्वास काही सेकंदांतच सुटतो. अरबी समुद्र कोमट, आपल्याला हे लाड कशाला? यात अर्धं सत्य आहे. कोमट पाण्यात श्वास जास्त वेळ धरता येतो आणि बाहेर आलेला माणूस मदत येईपर्यंत तासन्‌तास तग धरू शकतो. पण ही सगळी सवलत बाहेर आलेल्यासाठी आहे. आतल्याला खिडकी सापडेपर्यंत जे वीस-चाळीस सेकंद लागतात, ते पाणी कोमट असल्याने कमी होत नाहीत. तलावात, दिवसा, आधी सांगून, पोहणारा प्रशिक्षक शेजारी असताना धरलेला श्वास आणि बेसावध असताना, नाकात पाणी गेल्यावर धरलेला श्वास यांची तुलनाच होत नाही. उलट आपल्याकडे असं म्हणायला हवं की बाहेर आलेला माणूस जवळपास वाचलेलाच असतो, म्हणून त्याला बाहेर काढणाऱ्या साधनावर केलेला खर्च इथे जास्त फळ देतो.

कुपी आणली म्हणजे काम संपलं असंही नाही. दाबलेली हवा पाण्याखाली घेतल्यावर वर येताना श्वास रोखून धरला, तर अगदी दोन-तीन मीटर खोलीवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. वर येताना हवा सोडत यायचं असतं. ते शिकवायला वेगळा सराव लागतो, वैद्यकीय तपासणी लागते. कुप्यांचा दाब तपासणारा, भरणारा, नोंद ठेवणारा माणूस लागतो. नोंदवहीत तारीख भरलेली आणि कुपी रिकामी, हा प्रकार कोणत्याही कारखान्यात अग्निशमन सिलिंडरच्या बाबतीत बघायला मिळतो. म्हणून करारात फक्त ‘पुरवावी’ एवढंच लिहून भागणार नाही. भरणं, तपासणं आणि अचानक पाहणीत रिकामी सापडल्यास दंड हेही लिहायला हवं.

याहून मोठा आणि कमी बोलला जाणारा मुद्दा लाटांचा. फ्लोटना प्रमाणपत्र मिळतं ते विशिष्ट समुद्रस्थितीपर्यंतचं. समुद्रस्थिती चार म्हणजे सव्वा ते अडीच मीटरच्या लाटा, पाच म्हणजे अडीच ते चार, सहा म्हणजे चार ते सहा मीटर. जुन्या मशिनांपैकी बऱ्याच मशिनांचे फ्लोट स्थिती चारपर्यंतच प्रमाणित होते. आता जून ते सप्टेंबरचा अरबी समुद्र डोळ्यांसमोर आणा. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत अडीच मीटर ही लाटांची नेहमीचीच उंची, चार-साडेचार मीटरही नवलाचं नाही. याचा अर्थ असा की, स्थिती चारचे फ्लोट लावलेलं हेलिकॉप्टर वर्षातले जवळपास चार महिने अशा पाण्यावरून उडतं, जिथे त्याचे फ्लोट त्याला सरळ ठेवतील असं निर्मात्याने कधी म्हटलेलंच नाही. कागदावर मात्र ‘आपत्कालीन फ्लोट आहेत’ या रकान्यात बरोबरची खूण.

हा रकाना बदलायला हवा. फ्लोट आहेत का, असं न विचारता, कुठल्या समुद्रस्थितीपर्यंत, असं विचारायला हवं. मुंबई हायसाठी स्थिती सहा हीच किमान अट असावी आणि त्याच्या वर लाटा गेल्या की क्रू चेंज थांबावा. लाटांची उंची अंदाजाने सांगायची नाही. तेलक्षेत्रातल्या मोजणीवरून, त्या सकाळच्या आकड्यावरून ठरवायची. ‘काल तर उडलो होतो’ हा युक्तिवाद पावसाळ्यात चालत नाही. फ्लोट वैमानिकाने बटण दाबल्यावरच फुगणारे नकोत, पाणी लागताच आपोआप फुगणारे हवेत, आणि समुद्रावरच्या पूर्ण उड्डाणात ती यंत्रणा सज्ज असायला हवी. फ्लोट नुसते पोटाशी न ठेवता वर, इंजिनाच्या आवरणाजवळही एक जोडायची कल्पना आहे: उलटलेलं हेलिकॉप्टर मग पूर्ण पालथं न होता कुशीवर तरंगेल, एका बाजूच्या खिडक्या पाण्याबाहेर राहतील, आत हवा उरेल. त्यावर युरोपात बरंच संशोधन झालं आहे. असं मशिन नव्याने भाड्याने घेताना मागायला आज कोणी अडवलेलं नाही.

यंत्राच्या बाजूचे धडे इथे थोडक्यात, कारण गिअरबॉक्सची रचना पनवेलमध्ये बसून बदलता येणार नाही. पण तिथेही भाड्याने घेणाऱ्याच्या हातात काय असतं, ते बघण्यासारखं आहे. १२ मार्च २००९ रोजी कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ हेलिकॉप्टर पडलं, १८ पैकी १७ गेले. गिअरबॉक्सच्या तेलाच्या फिल्टरचं भांडं तीन टायटेनियम स्टडवर बसवलेलं होतं. स्टड तुटले, तेल वाहून गेलं. त्याआधी जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात असेच स्टड तुटले होते, आणि निर्मात्याने जानेवारी २००९ मध्ये ते बदलून पोलादी बसवायला सांगितलं होतं, पण मुदत दिली होती एक वर्ष किंवा १२५० उड्डाण-तास. तेल संपल्यावरही गिअरबॉक्स अर्धा तास चालतो अशी समजूत पसरलेली होती. प्रमाणपत्राच्या चाचणीत तो ११ मिनिटांत निकामी झाला होता आणि ‘तेल पूर्ण जाण्याची शक्यता अत्यंत कमी’ या पळवाटेने मान्यता मिळाली होती. अपघाताच्या दिवशीही इशारा दिव्यापासून जेमतेम ११ मिनिटं मिळाली.

त्याच वर्षी १ एप्रिलला स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ सुपर प्यूमाचा मुख्य रोटरच उखडला, १६ जण गेले. आठवडाभर आधी त्याच गिअरबॉक्सच्या, आतली झीज दाखवणाऱ्या चुंबकी चिप डिटेक्टरवर धातूचा कण सापडला होता. ऑपरेटर आणि निर्माता यांच्यात फोन-ईमेल झाले, एकाला एक समजलं, दुसऱ्याला दुसरं, आणि गिअरबॉक्सची पूर्ण तपासणी राहून गेली. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत तुरोयजवळ त्याच घराण्यातल्या एच-२२५ चा रोटर गिअरबॉक्समधल्या तशाच दंतचक्राला धातूच्या थकव्याने तडा जाऊन सुटला, १३ गेले. या वेळी चिप डिटेक्टरने काहीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर जे झालं ते आपल्या मुद्द्याला धरून आहे. नियामकांनी २०१७ मध्ये बंदी उठवली, पण तेल कंपन्या आणि कामगार संघटनांनी ते मशिन परत घेतलंच नाही. उत्तर समुद्रातून ते जवळपास हद्दपार झालं. नियामकाने परवानगी दिली म्हणजे ग्राहकाला घ्यावंच लागतं असं नाही.

म्हणजे मागायचं काय? निर्मात्याची सुरक्षाविषयक सूचना आली की ‘एका वर्षात’ ही मुदत तेल कंपनीला मान्य आहे का, हे कंपनीने लेखी कळवावं. मान्य नसेल तर तो भाग बदलेपर्यंत त्या मशिनमध्ये आपली माणसं बसवू नयेत. चिप सापडल्यावरचं संभाषण तोंडी होता कामा नये. कंपन मोजणारी हम्स यंत्रणा, जी १९८६ च्या सम्बरोजवळच्या चिनूक अपघातात ४५ जण गेल्यानंतर उत्तर समुद्रात रुजली, ती नुसती बसवलेली असून उपयोग नाही; तिची नोंद दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी वाचली गेली का, हे ग्राहकाच्या माणसाने पाहायला हवं.

हेलिडेकबद्दल, म्हणजे प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकबद्दल, दोनच गोष्टी. उतरणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी २१० अंशांचा भाग अडथळ्याविना मोकळा हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ड्रिलिंगच्या कामात तिथेच क्रेनचा बूम येऊन उभा राहतो. आणि टर्बाइनच्या धुराड्यातून येणारी गरम हवा: डेकवरची हवा फक्त दोन अंशांनी तापली तरी पूर्ण भारातल्या मशिनची उचल कमी होते, म्हणून तो आकडा जगभर धोक्याची खूण मानला जातो. रात्रीचं म्हणाल तर काळ्या समुद्रात एकाकी डेक हा वैमानिकाच्या डोळ्यांना फसवणारा देखावा आहे. कडेचे हिरवे दिवे, पिवळं प्रकाशित वर्तुळ आणि हिरवा एच ही व्यवस्था त्यासाठीच बनवली गेली. ज्या डेकवर ती नाही, तिथे रुग्णाला आणायलासुद्धा रात्री उतरायचं का, हे आधी ठरलेलं असावं, रेडिओवर अजीजी सुरू झाल्यावर नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण खरेदी खात्याला ती कधीच सुचत नाही. १८ फेब्रुवारी २००९ ला उत्तर समुद्रात एक ईसी-२२५ धुक्यात पाण्यावर गेलं, अठराच्या अठरा जण तराफ्यांवर सुखरूप पोहोचले. पण प्रवाशांना मनगटावर बांधायला दिलेल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या छोट्या बीकनमुळे तराफ्यातले आणि वैमानिकांचे दूरवर पोहोचणारे बीकन आपोआप गप्प झाले. दोन्ही साधनं उत्तम, दोन्ही प्रमाणित, एकत्र कधी चालवून पाहिली नव्हती. जॅकेट एका ठेकेदाराचं, बीकन दुसऱ्याचं, हेलिकॉप्टर तिसऱ्याचं, असा आपला नेहमीचा मामला असेल तर ही परीक्षा करारातच लिहून घ्यावी लागते.

आता कंत्राटी कामगारांकडे वळू. ऑफशोअरला जाणाऱ्यांत वेल्डर, रिगर, स्कॅफोल्डर, कुक, पेंटर, इलेक्ट्रिशियन यांची मोठी संख्या कंत्राटी असते. त्यातले बरेच वाशी-बेलापूरच्या कार्यालयांतून भरती होतात, न्हावा बेस किंवा उरणच्या आसपास भाड्याने राहतात. ओएनजीसीने गोव्यात उभारलेल्या सी सर्व्हायव्हल सेंटरचं उद्‌घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, ही चांगलीच गोष्ट. पण प्रशिक्षण कायम नोकराला कंपनी देते आणि कंत्राटी माणसाने स्वतःच्या खिशातून प्रमाणपत्र आणायचं, असं जिथे असेल तिथे प्रमाणपत्र हे शिक्षण न राहता गेटपास होतं. माणूस सर्वांत स्वस्त, सर्वांत झटपट मिळणारा वर्ग शोधतो, यात त्याचा दोष नाही. ह्यूएटचं प्रमाणपत्र साधारणपणे चार वर्षं चालतं. चार वर्षांपूर्वी एकदा उलटा झालेला माणूस काय लक्षात ठेवेल?

म्हणून आमची मागणी अशी: चॉपरमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या प्रशिक्षणाचा खर्च तेल कंपनीने उचलावा, तो कोणाच्या पगारपत्रकावर आहे हे न पाहता. सरावात खिडकी खरोखर ढकलून काढायला लावावी, नुसत्या उघड्या चौकटीतून बाहेर पोहायला नव्हे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मधल्या सीटवरून बाहेर पडण्याचा सराव सक्तीचा करावा. उड्डाणाआधीची सूचना हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही असावी, आणि सीटचं वाटप हुद्द्यावरून होऊ नये. साहेबाला खिडकी आणि हेल्परला मधली जागा, हे बसमध्ये चालेल. इथे खिडकी कोणाला याचा निकष खांद्याची रुंदी, शरीराची अवस्था आणि पहिल्यांदा जाणारा आहे का, हा असायला हवा.

आणि नकार देण्याचा हक्क. ‘आज मला बरं वाटत नाही’, ‘या हवेत मी जाणार नाही’ असं म्हणणाऱ्या कायम नोकराला फार तर चार शब्द ऐकावे लागतील. कंत्राटी माणसाचं नाव पुढच्या यादीतून गायब होतं, आणि कारण कुठेही लिहिलेलं नसतं. हे थांबवायचं तर नकाराची नोंद ठेकेदाराकडे न होता थेट तेल कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे व्हावी, आणि त्या माणसाला पुढच्या क्रू चेंजमध्ये घेतलं नाही तर ठेकेदाराने लेखी कारण द्यावं. कामगार संघटनांनी बोनसच्या वाटाघाटीत हा एक मुद्दा रेटला तरी पुष्कळ होईल.

अपघाताच्या अहवालांबद्दलही आग्रह धरायला हवा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत यावा, नाही जमलं तर प्रत्येक वर्षपूर्तीला अंतरिम निवेदन द्यावं. भारतात त्यासाठी २०१२ पासून स्वतंत्र विमान अपघात चौकशी ब्युरो आहे. चौकशी घाईने नको, हे मान्य. पण माणसं बाहेर कशी आली, कोणाची खिडकी उघडली, कोणाचा पट्टा अडकला, कोणाचं जॅकेट फुगलं नाही, बोट किती मिनिटांत पोहोचली, हा भाग कारणमीमांसेसाठी अडवून ठेवायची गरज नाही. तो काही आठवड्यांत स्वतंत्रपणे काढता येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जातीच्या मशिनमध्ये बसणाऱ्याला सर्वांत आधी तोच लागतो.

खर्चाचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. आपल्याकडे हेलिकॉप्टर घेतली जातात ती निविदेतून, आणि निविदेत एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा जिंकतो. यात वाईट काही नाही, अटी पक्क्या असतील तर. जागतिक तेल उत्पादकांच्या संघटनेने ऑफशोअर हेलिकॉप्टरसाठी २०२० मध्ये काढलेली ६९० क्रमांकाची मार्गदर्शक तत्त्वं तयार आहेत. आपली गरज जोडून ती निविदेत घालता येतात. स्थिती सहाचे स्वयंचलित फ्लोट, प्रत्येक प्रवाशाला हवेची कुपी, खांद्याच्या मापाने सीट, रोज वाचली जाणारी हम्स नोंद, एकत्र तपासलेले बीकन, हेलिडेकवर हालचाल असताना पाण्यात उतरायला सज्ज बोट. या गोष्टी ‘असल्यास प्राधान्य’ या सदरात टाकल्या की जो देतो तो महाग ठरून बाद होतो आणि जो देत नाही तो चॉपर उडवतो. त्याच गोष्टी तांत्रिक पात्रतेच्या पहिल्या पानावर सक्तीच्या म्हणून लिहिल्या, तर दराचं पाकीट उघडण्याआधीच सगळे निविदाकार एका पातळीवर येतात आणि कुपी वगळून स्वस्त होण्याची सोय कोणालाच राहत नाही.